'मारिया मार्टेन' (१९३५) मधला टॉड स्लॉटर ओव्हरॲक्टिंग करतो का?

तुम्ही लिहिलंय की १९३५ चा 'मारिया मार्टेन' हा जुना ब्रिटिश सिनेमा बघितला, त्यात खुनी झालेला टॉड स्लॉटर हात काय चोळतो, डोळे काय फिरवतो, एकटा असला की स्वतःशीच हसतो काय, सगळं ओव्हरॲक्टिंग वाटलं. सिनेमा म्हणजे कॅमेरा लावून शूट केलेलं नाटकच वाटलं. खऱ्या केसमधला खुनी तेवीस वर्षांचा पोरगा होता, मग इथे पन्नाशीचा जमीनदार कुठून आला, हेही विचारलंय. आणि शेवटी, याच केसवर एकांकिका बसवायची आहे तर यातून काय उचलावं?

मी तीस वर्षं नाटकं बसवतोय. मधली सात-आठ वर्षं स्टेजवरून सिरियलमध्ये गेलेल्या नटांना कॅमेऱ्यासमोर आवाज आणि हात कसे आवरायचे हे शिकवण्यात गेली, आणि त्या वर्कशॉपमध्ये हा सिनेमा मी असंख्य वेळा लावलाय. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी माझं मत सांगून टाकतो. स्लॉटरची ॲक्टिंग वाईट नाही, ती वेगळ्या जागेसाठी घडलेली ॲक्टिंग आहे आणि सिनेमा तुम्हाला हे पहिल्या दोन मिनिटांतच सांगतो. सिनेमात मोठी चूक आहे, पण ती स्लॉटरच्या हातात किंवा डोळ्यात नाही, ती मारियाच्या बाबतीत झालीय, आणि एकांकिका करताना तुम्ही नेमकी तीच चूक परत कराल अशी मला भीती वाटते.

आता मूळ केस, कारण ती नीट माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. इंग्लंडच्या सफोक परगण्यात पोलस्टेड नावाचं खेडं आहे. तिथे मारिया मार्टेन राहायची, तिचा बाप थॉमस मार्टेन मोल पकडायचं काम करायचा. मोल म्हणजे शेतात जमिनीखाली बोगदे करणारा उंदराएवढा प्राणी, शेतकरी त्याच्या मागे लागलेले असायचे आणि तो पकडणारा माणूस म्हणजे गावातला गरीबच. विल्यम कॉर्डर हा तिथल्याच खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा. दोघांचं जमलं, १८२७ मध्ये मूल झालं, ते जगलं नाही. कॉर्डर लग्नाचं पुढे पुढे ढकलत होता. मग त्याने तिला सांगितलं की लग्नाशिवाय मुलं झाली म्हणून तुझ्यावर खटला भरणार आहेत, आपण इप्सविचला पळून जाऊन लग्न करू, तू पुरुषाचे कपडे घालून निघ म्हणजे कोणाला ओळखू येणार नाही, आणि गावाजवळच्या लाल कोठारात मला भेट. १८ मे १८२७ ला ती तिकडे गेली, आणि त्यानंतर ती कोणाला दिसली नाही.

त्यानंतर जवळजवळ अकरा महिने कॉर्डर घरच्यांना थापा मारत राहिला. ती पत्र का लिहीत नाही? तिला बरं नाही, तिच्या हाताला लागलंय, पत्र वाटेत गहाळ झालं असेल. इकडे तो लंडनला गेला, पेपरात 'वधू पाहिजे' अशी जाहिरात दिली, त्यातून मेरी मूर नावाच्या बाईशी लग्न केलं आणि ईलिंगला तिच्याबरोबर मुलींची बोर्डिंग शाळा चालवायला लागला. मग मारियाच्या सावत्र आईने, ॲनने, सांगितलं की मला स्वप्न पडतंय, मारियाला लाल कोठारात पुरलंय. १९ एप्रिल १८२८ ला बाप कोठारात गेला आणि मोल शोधायची जी त्याची टोकदार सळई होती तीच जमिनीत खुपसत खुपसत गेला. एका जागी ती मऊ लागली. खाली पोत्यात स्वतःची मुलगी. गळ्याभोवती कॉर्डरचा हिरवा रुमाल.

ती सळई लक्षात ठेवा, शेवटी परत येणारे तिच्याकडे.

खटला ऑगस्ट १८२८ मध्ये बरी सेंट एडमंड्सला चालला, गर्दी एवढी की आत जायला तिकीट लावावं लागलं. मारियाला गोळी लागली, भोसकलं, गळा आवळला का जिवंत पुरलं हे नक्की ठरेना म्हणून आरोपपत्रात सगळेच प्रकार वेगवेगळे घातले होते. ज्यूरीने ३५ मिनिटांत दोषी ठरवलं, ११ ऑगस्टला हजारो लोकांसमोर फाशी. शरीर डॉक्टरांकडे चिरफाडीला गेलं, आणि त्याचं कातडं कमावून त्या कातड्यात खटल्याच्याच हकीकतीचं एक पुस्तक बांधलं गेलं, ते बरी सेंट एडमंड्सच्या मॉइसेस हॉल म्युझियममध्ये आजही आहे. सांगाडा बरीच वर्षं आधी तिथल्या हॉस्पिटलात आणि मग लंडनच्या सर्जन कॉलेजच्या ताब्यात होता, २००४ मध्ये त्याचं दहन केलं.

हे सगळं भयानक आहेच, पण आपल्या नाटकवाल्यांसाठी महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. कॉर्डर जेलमध्ये असतानाच, खटला उभा राहायच्या आधीच, या खुनाचे खेळ लागायला सुरुवात झाली होती. बाहुल्यांचे खेळ, जत्रेतले तंबू, एका पानाचे छापील कागद ज्यावर वर चित्र आणि खाली गाणं, आपल्याकडे शाहीर ताज्या घटनेवर पोवाडा बांधून गावोगाव म्हणायचा तसंच. फाशीनंतर जेम्स कॅटनॅच नावाच्या लंडनच्या छापखानेवाल्याने काढलेला कागद दहा लाखांच्या वर खपला असं सांगतात. लोक पोलस्टेडला ट्रिप काढून यायला लागले आणि आठवण म्हणून कोठाराच्या फळ्या उचकटून न्यायला लागले. म्हणजे ही गोष्ट आधी घडली आणि मग शांतपणे कोणीतरी त्यावर नाटक लिहिलं असं झालंच नाही, खून, पेपर, खटला, जत्रा आणि स्टेज हे सगळं एकमेकांत घुसलेलं होतं पहिल्या दिवसापासून.

या नाटकाला एक लेखक नाही. शंभर वर्षं वेगवेगळ्या कंपन्या आपापली संहिता घेऊन हे करत होत्या, नटाला जमेल तसं वाढवायच्या, गाव बदललं की विनोद बदलायचे. वगनाट्य बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

आता ॲक्टिंगकडे येऊ. मेलोड्रामा या शब्दातला 'मेलो' म्हणजे संगीत. लंडनमध्ये १८४३ पर्यंत कायदाच असा होता की निव्वळ गद्य संवादांचं नाटक करायचा परवाना ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन अशा मोजक्या थिएटरांनाच. बाकीच्यांनी करायचं काय? त्यांनी संवादांखाली संगीत घातलं, मूकाभिनय घातला, नाच घातला, आणि 'हे नाटक नाही हो, संगीताचा खेळ आहे' म्हणून परवाना मिळवला. थेम्सच्या दक्षिणेला सरे, कोबर्ग अशी मोठमोठी थिएटरं होती, कोबर्ग म्हणजे आजचं ओल्ड विक. तिथे कामगार वस्तीतले लोक यायचे, खायचे, ओरडायचे, व्हिलन आला की हुर्यो उडवायचे. त्या गोंगाटात शेवटच्या स्वस्त जागेवर बसलेल्या माणसाला गोष्ट कळायला हवी, तर नटाला काय करावं लागेल? जे वाटतंय ते आधी शरीराने सांगावं लागेल आणि मग तोंडाने. म्हणजे ज्याला तुम्ही ओव्हरॲक्टिंग म्हणताय ती एक पूर्ण भाषा होती, तिला व्याकरण होतं, आणि ती कायद्याच्या अडचणीतून आणि थिएटरच्या आकारातून घडली होती.

टॉड स्लॉटर त्या भाषेतला शेवटच्या मोठ्या माणसांपैकी एक. जन्म १८८५, न्यूकासलचा, खरं नाव नॉर्मन कार्टर स्लॉटर. आडनाव खरंच स्लॉटर म्हणजे कत्तल, ते त्याने मुद्दाम लावलेलं नाही. विशीपासून गावोगावच्या कंपन्यांमधून काम, पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश विमानदलात, आणि १९२० च्या दशकात दक्षिण लंडनचं एलिफंट अँड कॅसल थिएटर त्याने चालवायला घेतलं तेव्हा हे जुने मेलोड्रामा परत लावले. वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या बड्या थिएटरांच्या भागात, तेव्हा ड्रॉइंग रूममधली, हळू आवाजातली नाटकं चालू होती आणि हा माणूस नदीपलीकडे मारिया मार्टेन करत होता आणि लोक येत होते. पहिला बोलपट मिळाला तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं.

म्हणजे तुमच्या एका प्रश्नाचं साधं उत्तर हेच, कॉर्डर पन्नाशीचा का, तर स्लॉटर पन्नाशीचा होता आणि तोच या भूमिकेचा मालक होता. पण नुसतं तेवढंच नाही, त्यावर पुढे येतो.

सिनेमा कसा बनला तेही सांगतो कारण 'शूट केलेलं नाटक' हे तुमचं म्हणणं अर्ध खरं आहे. १९२७ साली ब्रिटनमध्ये सिनेमाचा कायदा आला, अमेरिकन सिनेमांनी थिएटरं भरून गेली होती म्हणून वितरकांना आणि थिएटरवाल्यांना ठराविक टक्के ब्रिटिश सिनेमे घेणं सक्तीचं केलं, वितरकांसाठी साडेसात टक्क्यांपासून सुरुवात आणि पुढे वाढत वाढत २० पर्यंत. मग अमेरिकन कंपन्यांनी काय केलं, लंडनमधल्या छोट्या निर्मात्यांकडून स्वस्तात पटापट सिनेमे करून घेतले. यांना 'कोटा क्विकी' म्हणायचे. भाव ठरलेला असायचा, एका फुटाला साधारण एक पौंड. हा सिनेमा सत्तर मिनिटांच्या आतला, मिनिटाला ९० फूट फिल्म धरली तर सहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे त्या भावाने किती पैसे हातात येतात ते तुम्हीच बघा. निर्माता जॉर्ज किंग या धंद्यातला मुरलेला माणूस, दिग्दर्शक मिल्टन रॉस्मर स्वतः नट, आणि वितरण मेट्रो गोल्डविन मेयरचं. एवढ्या पैशात प्रत्येक सीनला दहा अँगल घेता येत नाहीत, सेट बांधला की कॅमेरा समोर लावायचा आणि नटांना चालू द्यायचं. म्हणून ज्याला ही भूमिका झोपेत पाठ आहे असा नट घेणं हे आळसाचं काम नव्हतं, त्या बजेटमध्ये तीच सगळ्यात शहाणी गोष्ट होती.

पण आता सुरुवात परत बघा. पडद्यावर आधी स्टेज दिसतं. एक माणूस पुढे येऊन एकेक पात्राची ओळख करून देतो आणि नट येऊन उभे राहतात. तुम्ही ते बहुतेक टायटल समजून सोडून दिलंत. पण ती नांदी आहे हो! सूत्रधार येऊन सांगतोय की आता खेळ होणार आहे, हा व्हिलन, ही नायिका, तुम्हाला गोष्ट माहीतच आहे, आता बसा आणि बघा. ज्या दिग्दर्शकाला नाटक सिनेमात बदलता आलं नाही तो ते लपवायचा प्रयत्न करेल, दारं-खिडक्या दाखवेल, घोडागाडी बाहेर फिरवून आणेल. इथे पहिल्याच शॉटला नाटक आहे म्हणून सांगून टाकलंय आणि त्या करारावर पुढची ॲक्टिंग उभी आहे. आपल्या प्रेक्षकाला हा करार कळायला वेळ लागू नये असं मला मनापासून वाटतं, कारण नांदी, सूत्रधार, स्वगत हे सगळं आपल्या अंगात आहे.

आता स्लॉटरचं काम जवळून बघू. वर्कशॉपमध्ये मी त्याच्या सीनचा आवाज बंद करून लावतो आणि नटांना सांगतो की फक्त क्रम लिहा. आधी काय हललं, मग काय. दर वेळी तेच सापडतं: आधी नजर, मग श्वास, मग हात, आणि सगळ्यात शेवटी शब्द. समोर मारिया असली की चेहरा मऊ, मान थोडी कललेली, आवाज मधाळ. ती वळली किंवा गेली की लगेच नाही बदलत तो. थांबतो. नजर तिच्या मागे जाते, मग डोळे बारीक होतात, मग ओठाचा एक कोपरा, आणि मग ते हसू घशातून वर येतं. हा जो मधला थांबा आहे ना तो शंभर वर्षांचा आहे, प्रेक्षकाला 'आता बघा' म्हणायला आणि पिटातल्या, म्हणजे स्टेजसमोरच्या स्वस्त जागांवरच्या लोकांना शिव्या द्यायला सोडलेली ती जागा आहे. सिनेमात समोर शिव्या द्यायला कोणी नाही म्हणून ती जागा रिकामी वाटते आणि आपल्याला वाटतं हा माणूस वेळ खातोय. थिएटरमध्ये दहा-बारा जण बसवून बघा, ती जागा आपोआप भरते, मी बघितलंय.

एक माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी चांगला स्टेजचा नट, पंचवीस वर्षं काम केलेला, एका सिरियलच्या शूटवरून माझ्याकडे आला तो रडवेला होऊन. दिवसभर त्याला एकच सूचना, 'कमी करा, कमी करा', आणि कमी करता करता त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं, नुसतं वाक्य म्हणत होता. मी त्याला स्लॉटरचे सीन दाखवले आणि सांगितलं की कमी करायचं ते माप, क्रम नाही. नजर-श्वास-हात-शब्द हा क्रम तसाच ठेव, फक्त सगळं बशीत मावेल एवढं कर. त्याला ते लगेच लागलं. 'कमी करा' म्हणणाऱ्याला बऱ्याचदा 'छोटं करा' म्हणायचं असतं, आणि नटाला ऐकू येतं 'काढून टाका'.

कोठारातला खुनाचा सीन घ्या. तिथे तो तिला म्हणतो की तुला नवरी करीन म्हणालो होतो ना, होशील, मृत्यूची नवरी होशील. हे टाळीचं वाक्य आहे, आणि तो ते टाळीच्या वाक्यासारखंच टाकतो. आजच्या नटाला ते वाक्य दिलं तर तो लाजून पुटपुटेल आणि सीन पडेल. स्लॉटर लाजत नाही. त्याला त्या वाक्यावर पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणून इतक्या वर्षांनी, इतक्या खराब प्रिंटमध्ये सुद्धा अंगावर येतं. त्यानंतरच्या वर्षी त्याने 'स्वीनी टॉड' केला तेव्हा दाढी करायला आलेल्या गिऱ्हाइकाला चकाचक करतो म्हणताना तो शब्द दुहेरी अर्थाने घोळवतो (इंग्लिशमध्ये 'पॉलिश ऑफ' म्हणजे संपवून टाकणं सुद्धा), तो पण नक्की बघा.

तुलना करायची असेल तर सहा वर्षं मागे जाऊन हिचकॉकचा 'ब्लॅकमेल' (१९२९) बघा. तो पण नाटकावरून, चार्ल्स बेनेटच्या. आधी मूकपट म्हणून शूट सुरू झाला आणि मग बराचसा परत बोलपट केला. नायिका ॲनी ऑन्ड्राचा इंग्लिश उच्चार परदेशी, डबिंगची सोय तेव्हा नाही, म्हणून जोन बॅरी नावाची नटी फ्रेमच्या बाहेर उभी राहून बोलायची आणि ऑन्ड्रा नुसते ओठ हलवायची. त्यात हल्ला होतो तो पडद्यामागे, दिसतो फक्त बाहेर आलेला तिचा हात, सुरी शोधणारा. आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला शेजारीण खुनाबद्दल बडबडतेय, तिचे शब्द गढूळ होत जातात आणि फक्त 'सुरी' हा एक शब्द स्पष्ट ऐकू येत राहतो, शेवटी पोरीच्या हातातून ब्रेड कापायची सुरी उडते. हे स्टेजवर होऊच शकत नाही, इथे नाटकाचं सिनेमात पूर्ण रूपांतर झालंय. 'मारिया मार्टेन' त्या वाटेने गेलाच नाही. हिचकॉक लपवतो आणि प्रेक्षक पोरीच्या मनात शिरतो. स्लॉटर सगळं उघड करतो आणि प्रेक्षक प्रेक्षक म्हणूनच बसतो, राग धरून. दोन्ही रस्ते खरे आहेत, पण एकाच्या मापाने दुसरा मोजू नका. मला स्वतःला 'ब्लॅकमेल' मोठा सिनेमा वाटतो. पण नट घडवायला मी 'मारिया मार्टेन' लावतो.

आता वय आणि जमीनदारी. खरा कॉर्डर तेवीस वर्षांचा, मारिया त्याच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. सिनेमात तो गावचा स्क्वायर, म्हणजे गावावर ज्याची सत्ता चालते तो जमीनदार, वरून जुगारी, कर्जात बुडालेला, पैसेवाल्या बाईशी लग्न करायच्या मागे. आणि मारियावर मनापासून प्रेम करणारा कार्लोस नावाचा जिप्सी पोरगा, जो एरिक पोर्टमनने केलाय. हे स्लॉटरच्या वयामुळे सोयीचं झालं हे खरं, पण मेलोड्रामाला हे आधीपासूनच हवं होतं. पिटात बसलेल्या कामगाराला ज्याच्यावर राग काढायचाय तो माणूस स्टेजवर पाहिजे: ज्याच्याकडे जमीन आहे, ज्याच्यापुढे बोलता येत नाही, ज्याची नजर आपल्या पोरीबाळींवर आहे. आपल्या मराठी सिनेमात निळू फुल्यांचा पाटील किंवा सरपंच आला की गावातल्या बाया बोटं मोडायच्या ना, तीच गरज. खऱ्या केसमधला भेदरलेला, खोटारडा, थापांवर थापा मारणारा पोरगा त्या रागाला पुरला नसता. मला हा बदल चुकीचा वाटत नाही. त्याने केसची हकीकत मोडली पण गरीब घरातल्या पोरीचं काय होतं हे त्यातून कळतं.

पण मारिया. इथे मी सिनेमाला माफ करत नाही.

खरी मारिया काय होती बघा. कॉर्डरच्या आधी त्याच्याच मोठ्या भावापासून तिला मूल झालं होतं, ते वारलं. मग पीटर मॅथ्यूज नावाच्या वरच्या थरातल्या माणसापासून एक मुलगा, थॉमस हेन्री, तो जगला आणि मॅथ्यूज त्याच्या खर्चाला पैसे पाठवायचा. मग कॉर्डर. म्हणजे ही पंचवीस वर्षांची, जग बघितलेली, एक मूल पदरात असलेली, लग्नाचा शब्द मिळवायला सगळी ताकद लावणारी बाई आहे. तिला माहीत आहे की लग्न झालं नाही तर गावात तिची काय किंमत राहील. कॉर्डरने तिला खटल्याची भीती घातली ती भीती तिच्या आयुष्यात खरी होती म्हणूनच ती पुरुषाचे कपडे घालून त्या कोठारात गेली. सिनेमाने हे सगळं पुसलं. सोफी स्टुअर्ट चांगली नटी आहे, पण तिला दिलीय ती एक भोळी गावची पोर, नाचणारी, फसणारी, रडणारी. आधीची मुलं गायब, जिवंत असलेला मुलगा गायब. हे सिनेमाने एकट्याने केलं नाही, शंभर वर्षांच्या नाटकांनीच केलं, कारण हळहळ वाटायला बाई निष्पाप असावी लागते असा हिशोब होता. ज्या बाईला आधी दोन मुलं झाली तिचा खून झाला तर प्रेक्षक रडणार नाही अशी भीती. आणि हा हिशोब आजही आपल्या सिरियलमध्ये, नाटकात, पेपरातल्या बातमीत चालूच आहे, म्हणून मला त्याचा इतका त्रास होतो.

त्यामुळे एकांकिकेसाठी सांगतो. स्लॉटरकडून क्रम घ्या, थांबा घ्या, वाक्यावरचा विश्वास घ्या. सुरुवातीची ती ओळखपरेड सुद्धा घ्या, ४० मिनिटांच्या एकांकिकेत पात्रं उभी करायला तिच्याइतकी स्वस्त युक्ती नाही, आणि परीक्षकांना 'नाटकी झालं' म्हणायची जागा उरत नाही कारण तुम्ही ते आधीच कबूल केलेलं असतं. कॉर्डर हवा तेवढा रंगवा.

मारियाला मात्र तिची मुलं परत द्या. तिला चिडू द्या, कॉर्डरशी भांडू द्या, लग्नाच्या तारखेवरून घासाघीस करू द्या. कोठारात जाताना ती फसून जात नाहीये, सगळा हिशोब करून, उरलेल्या एकाच दारातून जातेय, हे नटीला समजलं पाहिजे. असं केलंत तर खुनाचा सीन दाखवायची गरजही राहणार नाही कदाचित.

आणि स्वप्न वापरायचा मोह होईल, कारण सावत्र आईचं स्वप्न म्हणजे निळा लाइट, धूर, मागून आवाज, सगळं तयार. माझं ऐका, स्वप्न बाजूला ठेवा. त्याऐवजी खटल्यातला एक साक्षीदार घ्या. मारियाचा धाकटा भाऊ जॉर्ज, वय वर्षं दहा. त्याने कोर्टात सांगितलं की खुनाआधी कॉर्डरच्या हातात भरलेलं पिस्तूल बघितलं होतं, आणि नंतर त्याला कोठाराकडून कुदळ घेऊन येताना बघितलं. दहा वर्षांचं पोर, अकरा महिने हे डोक्यात घेऊन त्याच घरात जेवतंय, झोपतंय, आणि तो माणूस घरी येऊन सांगतोय की ताईच्या हाताला लागलंय म्हणून पत्र येत नाही. तुमचं नाटक तिथे आहे. त्या पोराला रिकाम्या स्टेजवर उभं करा, मागे बाप पाठमोरा, हातात सळई, एक पाऊल, खुपसली, काढली, परत एक पाऊल. संवाद नको, फक्त सळई जमिनीत जाण्याचा आवाज, आणि तो विंगेतून नको, खरा काढा, मातीची एक गोणी लागेल त्याला.

तालमीत तो आवाज बदलून मऊ कधी होतो ते आधी ठरवू नका. बाप झालेल्या नटाला ठरवू द्या, आणि पोराला ते आधी सांगू नका.